विश्लेषण : घरच्या घरी पाण्यावर वीज बनवता येते का? सिंदी मेघेपासून बिलगावपर्यंतचे गणित काय सांगते?

जुन्या वॉशिंग मशिनची मोटर, पीव्हीसी पाइपचे तुकडे, पत्र्याची चार पाती आणि वाहते पाणी. एवढ्या सामग्रीवर बल्ब पेटवून दाखवणाऱ्या चित्रफिती समाजमाध्यमांवर सतत फिरत असतात. वीजबिलाला कंटाळलेली घरे आणि शिवारात वीजजोडणी नसलेले शेतकरी त्या पाहून खर्चाचा हिशेब मांडू लागतात. वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघेसारख्या गावात, जिथे नदी, कालवा आणि नाला यांपैकी काही ना काही थोड्या अंतरावर आहे, तिथे हा प्रयोग चालेल का? तंत्रज्ञान खरे आहे, ते महाराष्ट्रातील गावकऱ्यांनी उभारूनही दाखवले आहे. मात्र ते कुठे चालते आणि कुठे पैसे पाण्यात जातात, हे ठरवणारे गणित वेगळेच आहे.

सूक्ष्म जलविद्युत म्हणजे नेमके काय?

भारतात २५ मेगावॉटपर्यंतचे प्रकल्प लघु जलविद्युत समजले जातात. त्यातील १०० किलोवॉटपर्यंतच्या प्रकल्पांना सूक्ष्म जलविद्युत म्हणतात. एका घरापुरत्या किंवा काही घरांपुरत्या, साधारण पाच किलोवॉटच्या आतील यंत्रणेला ‘पिको हायड्रो’ असेही नाव आहे. तत्त्व कोयनेचेच. कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट आहे. विदर्भाच्या परिसरात पेंच नदीवरील तोतलाडोह येथे १६० मेगावॉटचे केंद्र आहे. उंचावरचे पाणी खाली येताना टर्बाइन फिरवते आणि टर्बाइन जनित्र फिरवते. घरगुती यंत्रणेत फक्त धरण नसते. ओढ्याचे थोडे पाणी पाइपने वळवायचे, टर्बाइनवरून सोडायचे आणि पुन्हा ओढ्यातच द्यायचे. हिमालयातील घराट, म्हणजे पाणचक्क्या, याच तत्त्वावर शतकानुशतके दळण दळत आल्या. नेपाळ आणि उत्तराखंडात त्यातील अनेक सुधारून त्यांच्यावर वीजही तयार केली जाते. कर्नाटकच्या मलनाडमध्ये बागायतदारांच्या घरांसाठी असे छोटे संच बसवले गेले आहेत.

किती वीज मिळेल, हे कसे ठरते?

दोनच गोष्टींवर. पाणी किती उंचीवरून खाली येते आणि सेकंदाला किती लिटर येते. उंची मीटरमध्ये, प्रवाह लिटर प्रतिसेकंदात घेऊन दोघांचा गुणाकार करायचा आणि त्याला ९.८१ ने गुणायचे. उत्तर वॉटमध्ये येते. त्यातील निम्मी वीज प्रत्यक्षात हाती लागली, तर घरगुती यंत्रणा चांगली समजावी. उरलेली पाइपातील घर्षण, टर्बाइन, पट्टा आणि जनित्र यांत जाते.

उदाहरण घेऊ. तीन मीटर उंची आणि सेकंदाला १० लिटर पाणी असेल, तर हिशेबाने सुमारे २९४ वॉट होतात. हाती येतात जवळपास १४७ वॉट. हा आकडा किरकोळ वाटतो. पण पाणी रात्रीही वाहते. १४७ वॉट चोवीस तास मिळाले, तर दिवसाला साडेतीन युनिट आणि महिन्याला १०० हून अधिक युनिट होतात. एक किलोवॉटचे सौर पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देते. म्हणजे सतत वाहणारा दीडशे वॉटचा ओढा हा जवळपास एक किलोवॉटच्या सौरसंचाला तुल्यबळ आहे, तोही मोठ्या बॅटरीशिवाय.

एका साध्या घराला किती लागते?

नऊ वॉटचे चार एलईडी दिवे पाच तास, ३० वॉटचे दोन बीएलडीसी पंखे दहा तास, ४० वॉटचा टीव्ही चार तास आणि मोबाइल चार्जिंग, इतका वापर धरला तर दिवसाला सुमारे एक युनिट लागते. बॅटरी आणि इन्व्हर्टरमधील घट धरूनही त्यासाठी सतत ६० वॉट पुरतात. तीन मीटर उंचीवर सेकंदाला चार लिटर पाण्यातून तेवढे मिळू शकतात. फ्रिज जोडला की दिवसाला साधारण एक युनिट वाढते. वर्ध्याच्या उन्हाळ्यात कूलर लावला, तर आणखी दीड-दोन युनिट. खरी अडचण इथेच सुरू होते. तिच्याकडे पुढे येऊ.

छतावरच्या टाकीतून वीज बनवता येईल का?

हा सर्वाधिक विचारला जाणारा आणि सर्वाधिक दिशाभूल करणारा प्रश्न. तीन मजली इमारतीवर, म्हणजे साधारण १० मीटर उंचीवर, हजार लिटरची टाकी आहे असे समजू. ती पूर्ण रिकामी केली तर त्या पाण्यातील एकूण ऊर्जा ०.०२७ युनिट असते. निम्मी हाती लागली, तर नऊ वॉटचा एक दिवा दीड तास चालेल. एक युनिट विजेसाठी अशा सुमारे ७५ टाक्या रिकाम्या कराव्या लागतील. आणि त्या भरायला पंपाची जी वीज लागेल, ती मिळणाऱ्या विजेच्या कितीतरी पट असेल.

पंपाने पाणी वर चढवायचे, त्याच पाण्यावर टर्बाइन फिरवायचे आणि त्या विजेवर पुन्हा पंप चालवायचा, असे ‘मोफत ऊर्जे’चे चक्र अनेक चित्रफितींत दिसते. पंपसंचाची एकूण कार्यक्षमता ५० ते ६० टक्के धरली आणि टर्बाइन-जनित्राची ५० टक्के, तर १०० युनिट घालून २५ ते ३० युनिट परत मिळतात. बाकी उष्णता, आवाज आणि घर्षणात जातात. चित्रफितीत बल्ब पेटतो, तेव्हा लपवलेली तार किंवा बॅटरी शोधावी. विहिरीवरच्या मोटारीच्या पाण्यावर जनित्र बसवण्याच्या कल्पनेलाही हेच गणित लागू आहे.

मग धाम नदीवर चाक बसवले तर?

सिंदी मेघेसाठी जवळची ओळखीची नदी म्हणजे पवनारवरून वाहणारी धाम. महाकाळी येथील धरणातून सोडलेले पाणी या पात्रातून येते आणि वर्धा शहर व परिसराची तहान भागवते. नदीच्या पात्रात नुसते पाते सोडून वीज मिळवायची असेल, तर उंचीऐवजी पाण्याचा वेग महत्त्वाचा ठरतो आणि वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणाऱ्या पाण्यात एक चौरस मीटर क्षेत्रामागे ५०० वॉट ऊर्जा असते. साध्या यंत्रणेला त्यातील ३० टक्के, म्हणजे १५० वॉट मिळू शकतात. वेग निम्मा झाला की वीज निम्मी होत नाही, ती एक अष्टमांश होते. दीडशेचे १९ वॉट राहतात. सपाट प्रदेशातील नदी पावसाळ्याबाहेर याच गतीने किंवा त्याहून संथ वाहते.

बंधारा किंवा कालव्यावर अधिक शक्यता आहे का?

कागदावर आहे. समजा, बंधाऱ्यावरून पाणी दोन मीटर खाली पडते आणि सेकंदाला ५० लिटर प्रवाह टर्बाइनकडे वळवता येतो. मग सुमारे ४९० वॉट मिळतील. दिवसाला जवळपास १२ युनिट, म्हणजे साध्या वापराची आठ-दहा घरे. पण प्रवाह पाच लिटरवर आला की हातात ४९ वॉट उरतात. दुसऱ्या टोकाला, नदीला पूर आला की बंधाऱ्याच्या खालची पातळी वर चढते आणि दोन मीटरचा फरक जवळपास नाहीसा होतो. पाणी अफाट असते, पण पडायला उंची नसते. कमी उंचीच्या सर्व जागांचा हा मूळ दोष आहे. उन्हाळ्यात पाणी नाही म्हणून यंत्र बंद आणि पुरात उंची नाही म्हणून बंद.

धाम, बोर आणि निम्न वर्धा प्रकल्पांच्या कालव्यांवर जिथे तळ एकदम खाली उतरतो, अशा ठिकाणी जागा मिळू शकते. कालव्यात पुराचा धोका कमी असतो. मात्र कालव्याला पाणी आवर्तनानुसार सुटते. दोन आवर्तनांमध्ये टर्बाइन उभे राहते. एका घराच्या विजेसाठी हा भरवसा अपुरा आहे. एखाद्या पाणीवापर संस्थेने दिवाबत्तीसाठी सामूहिक प्रयोग करणे वेगळी गोष्ट.

वर्ध्यातील ऋतुचक्राची अडचण काय?

जिल्ह्यातील पावसाचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तो मे महिन्यात. म्हणजे कूलर, पंखा आणि फ्रिज यांची गरज सर्वाधिक असते, तेव्हा नाल्यात पाणी नसते. नाला भरून वाहतो, तेव्हा विजेची गरज तुलनेने कमी असते. विजेची साठवण बॅटरीत काही तासांची होते, चार महिन्यांची होत नाही.

याउलट सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, सिंधुदुर्ग, चंदगड किंवा गोव्याच्या डोंगराळ भागात आणि सातपुड्यात ओढ्यांना उतार असतो. काही झरे पावसाळ्यानंतरही कित्येक महिने टिकतात. २० मीटर उंची असेल, तर सेकंदाला दीड लिटर पाण्यातूनही निम्म्या कार्यक्षमतेने सुमारे १४७ वॉट मिळतात. उंची असेल तर पाणी कमी लागते, पाइप लहान लागतो आणि यंत्रही लहान लागते. घरगुती जलविद्युत ही डोंगराची वीज आहे, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे.

यंत्रणा उभारताना कोणत्या चुका होतात?

पहिली चूक मोजमापाची. प्रवाह डोळ्यांनी ठरवला जातो. प्रत्यक्षात १५ लिटरची बादली तीन सेकंदांत भरत असेल, तर प्रवाह पाच लिटर. मोठ्या नाल्यात ठरावीक अंतरावर तरंगती वस्तू सोडून वेग काढता येतो. उंची मोजायला गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी पुरते. हे मोजमाप एप्रिल-मेमध्येही करायला हवे. ऑगस्टमधील आकड्यावर खर्च केला, तर वर्षातले बरेच महिने यंत्र नुसते उभे राहते.

दुसरी चूक पाइपची. सेकंदाला १० लिटर पाणी ११० मिलिमीटरच्या पाइपमधून १०० मीटर नेले, तर घर्षणात एक मीटरहून थोडी अधिक उंची जाते. पैसे वाचवण्यासाठी तेच पाणी ६३ मिलिमीटरच्या पाइपमधून नेऊ पाहिले, तर तितक्याच अंतरात २० मीटरच्या आसपास उंची लागते. म्हणजे १५ मीटर उंचीच्या जागेवर एवढे पाणी त्या पाइपातून येणारच नाही.

तिसरी चूक जनित्राच्या निवडीची. गाडीचा अल्टरनेटर सहज मिळतो, पण त्याला मिनिटाला हजाराहून अधिक फेरे लागतात. कमी उंचीवरचे टर्बाइन सावकाश फिरते. मग पुली आणि पट्टा आला, त्यात वीज गेली. स्थायी चुंबकाचे जनित्र कमी वेगात चांगले चालते. तीन फेजच्या साध्या मोटारीला योग्य कपॅसिटर जोडून तिच्याकडूनही वीजनिर्मिती करून घेता येते. बाजारातील सेंट्रिफ्यूगल पंप उलटा चालवून टर्बाइन म्हणून वापरण्याची पद्धतही जगभर रुळलेली आहे. त्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात, हा मोठा फायदा. मात्र प्रवाह कमी-जास्त होणाऱ्या नाल्यावर तो लवकर कुचकामी ठरतो.

चौथी चूक सर्वांत धोकादायक. सौरसंचाचा कंट्रोलर बॅटरी भरल्यावर पॅनल सरळ तोडतो. पाण्याच्या टर्बाइनवर असे केले, तर भार निघून जातो आणि यंत्र बेफाम वेगाने फिरते. व्होल्टेज चढते, उपकरणे जळतात, पाती निखळतात. म्हणून जास्तीची वीज हीटरसारख्या पर्यायी भाराकडे वळवणारे नियंत्रक लागते. त्याशिवाय जाळी, गाळ बसायला टाकी आणि पाणी तात्काळ बंद करणारी झडप हवीच. विदर्भातील काळी माती पावसाळ्यात नाल्याचे पाणी गढूळ करते. गाळाची टाकी नसेल, तर बेअरिंग आणि पाती झिजायला एक हंगाम पुरतो.

महाराष्ट्रात असा प्रकल्प यशस्वी झाला आहे का?

झाला होता. तो का टिकला नाही, ही त्याहून महत्त्वाची गोष्ट आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात, नर्मदेच्या खोऱ्यातील डोमखेडी येथे २००० मध्ये अवघ्या ३०० वॉटचा संच बसवण्यात आला. सरदार सरोवराच्या पाण्यात तो गेला. त्यानंतर त्याच तालुक्यातील बिलगाव येथे, उदई नदीच्या धबधब्याचा उपयोग करून १५ किलोवॉटचा प्रकल्प उभा राहिला. नर्मदा बचाओ आंदोलन, केरळमधील पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी आणि असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट या संस्थांनी त्यात भाग घेतला. बांध आणि वाहिनीसाठी आदिवासी गावकऱ्यांनी श्रमदान केले. जानेवारी २००३ मध्ये पाड्यांवर दिवे लागले. २००४ मधील ‘स्वदेस’ चित्रपटात गावकरी ओढ्यावर वीज तयार करतात, त्या प्रसंगामागे बिलगावची प्रेरणा असल्याचे मानले जाते.

पडद्यावरचा दिवा अजून लागतो, बिलगावचा विझला. सरदार सरोवराची उंची २००६ मध्ये १२१.९२ मीटरवर नेण्यात आली आणि त्या पावसाळ्यात प्रकल्प पाण्याखाली गेला. यंत्र बिघडले नव्हते, पाणी आटले नव्हते आणि गावकऱ्यांची एकी तुटली नव्हती. नदीचे पुढे काय होणार, हा निर्णय मात्र त्यांच्या हातात नव्हता. पाण्यावर उभारलेली कोणतीही यंत्रणा वरच्या आणि खालच्या पाण्याच्या निर्णयांशी बांधलेली असते, हा बिलगावचा धडा. धाम नदीकाठच्या घरालाही तो लागू आहे, कारण पात्रात पाणी कधी सोडायचे हे धरणावर ठरते.

कायदा काय सांगतो?

स्वतःच्या वापरासाठी वीज तयार करायला विद्युत कायदा २००३ नुसार परवाना लागत नाही. पण पाणी आणि जागा यांची गोष्ट निराळी. नदी, नाला, कालवा किंवा सरकारी बंधारा यांतून पाणी वळवायचे, त्यात बांधकाम करायचे, तर संबंधित विभागाची लेखी परवानगी हवी. ग्रामपंचायतीला कळवणे आणि खालच्या बाजूच्या शेतकऱ्यांशी बोलणेही गरजेचे. टर्बाइन पाणी संपवत नाही, ते पुढे सोडते, हे खरे. पण आपल्या वावरापासून पाणी वळवले गेले, ही तक्रार तंट्याला पुरेशी असते.

घरात महावितरणची जोडणी असेल, तर घरगुती जनित्र त्याच वायरिंगला परस्पर जोडणे जीवघेणे ठरू शकते. लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या कर्मचाऱ्यापर्यंत ही वीज उलटी पोहोचते. वेगळे वायरिंग किंवा चेंजओव्हर स्विच, अर्थिंग आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून तपासणी, या गोष्टींत काटकसर नको.

मग सिंदी मेघेतील घराने किंवा शेतकऱ्याने काय करावे?

गावठाणातील घरासाठी उत्तर सरळ आहे. छतावर ऊन आहे, ओढा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेत दोन किलोवॉटपर्यंत प्रतिकिलोवॉट ३० हजार रुपये आणि तीन किलोवॉट व त्याहून मोठ्या संचाला कमाल ७८ हजार रुपये अनुदान आहे. सौरपंपासाठी ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांसाठी पाच टक्के आहे. कृषिवाहिनीची वीज रात्रीच्या पाळीत मिळत असल्याने अंधारात ओलिताला जावे लागणाऱ्यांसाठी दिवसा चालणारा पंप हा मोठा दिलासा आहे. तेवढी शक्ती नाल्यावरच्या घरगुती टर्बाइनमधून मिळणार नाही. पाच अश्वशक्तीच्या पंपाला साडेतीन किलोवॉटहून अधिक लागते.

शेतातील खोपडीजवळ वर्षातील सहा-आठ महिने वाहणारा आणि दोन-तीन मीटर पडणारा नाला असेल, तर ५० ते १०० वॉटचा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. ढगाळ दिवसांत सौर पॅनल मंदावते, तेव्हा हाच नाला जोर धरतो. उन्हाळ्यात नाला आटतो, तेव्हा ऊन भरपूर असते. एकाच बॅटरीवर दोन्ही जोडले, प्रत्येकाला त्याचे नियंत्रक दिले, तर शेतातील दिवे आणि मोबाइल बहुतांश वर्ष चालू राहू शकतात. पुराच्या आधी उचलून नेता येईल असेच यंत्र बसवावे. जुलै २०२२ मध्ये जिल्ह्यातील नद्यांनी हिंगणघाट परिसरात काय केले, हे विसरण्याजोगे नाही.

असे प्रयोग वर्ध्याला परके नाहीत. ग्रामोद्योगाचे काम १९३४ मध्ये इथल्या मगनवाडीतून सुरू झाले आणि महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आजही तिथेच आहे. मात्र प्रयोगाची सुरुवात यंत्र विकत घेण्यापासून करू नये. बादली, घड्याळ आणि गवंड्याची नळी घेऊन वर्षभर दर महिन्याला मोजमाप वहीत लिहावे. बारा नोंदी झाल्या की टर्बाइन घ्यायचे की सौर पॅनल, हे वहीच सांगेल. त्यासाठी खर्च शून्य रुपये येतो.